शिकवण्यातला प्रश्न, संशोधनाचा प्रस्ताव

फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, वाचा-श्रवणोपचार आणि कृत्रिम अवयवशास्त्र या पुनर्वसन शाखांत शिकवणारे अनेक जण आता शिक्षणावरच संशोधन करू लागले आहेत. अनुदानासाठी प्रस्ताव लिहिणं आणि त्यासाठी मार्गदर्शन मिळवणं याबद्दल आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : अतिदक्षता विभागातल्या रुग्णाला पहिल्यांदा कसं उभं करायचं, याचं प्रशिक्षण आम्ही सिम्युलेशनवर, म्हणजे खऱ्यासारख्या उभ्या केलेल्या प्रसंगावर, सुरू केलं. विद्यार्थ्यांना ते फार आवडलं, गुणही वाढले. त्यावर अनुदानासाठी प्रस्ताव पाठवला, पण ‘हे कार्यक्रमाचं मूल्यमापन आहे, संशोधन नाही’ असा शेरा मारून तो परत आला. कमी काय पडलं? (सहायक प्राध्यापक, फिजिओथेरपी)

या क्षेत्रातल्या नवख्या प्रस्तावांवर हा शेरा वारंवार येतो, आणि बहुतेक वेळा तो योग्य असतो. ‘आम्ही जे केलं ते आमच्याकडे चाललं का’ हा मूल्यमापनाचा प्रश्न झाला. संशोधनाच्या प्रश्नाचं उत्तर अशा शिक्षकालाही उपयोगी पडलं पाहिजे, ज्याच्याकडे तुमचं सिम्युलेशन नाही आणि जो वेगळंच कौशल्य शिकवतो. कुक, बोर्डाझ आणि श्मिट यांनी २००८ मध्ये वैद्यकीय शिक्षणातल्या अभ्यासांचे हेतू तीन प्रकारांत मांडले : काय केलं त्याचं वर्णन, ते चाललं का याची तपासणी, आणि ते का व कसं चाललं याचा उलगडा. तुमचा प्रस्ताव दुसऱ्या प्रकारावर थांबला आहे. तो तिसऱ्यावर न्यायला हवा.

तुमचंच उदाहरण घेऊ. सिम्युलेशनमधल्या नेमक्या कोणत्या गोष्टीने विद्यार्थी तयार झाला? पुन्हा पुन्हा सराव मिळाल्यामुळे? सत्रानंतर शिक्षकाशी झालेल्या चर्चेमुळे? की नळ्या, मॉनिटर आणि घाबरलेला रुग्ण हे सगळं एकाच वेळी सांभाळण्याचा ताण आधी कमी ठेवला म्हणून? प्रत्येक उत्तरामागे वेगळा सिद्धान्त आहे. पहिलं उत्तर एरिक्सन यांच्या १९९३ च्या हेतुपूर्वक सरावाच्या मांडणीकडे जातं, तर तिसरं स्वेलर यांनी १९८८ मध्ये मांडलेल्या बोधनभाराच्या, म्हणजे शिकताना मेंदूवर एकाच वेळी पडणाऱ्या ताणाच्या, सिद्धान्ताकडे. एक निवडा. निवडलात की अभ्यासाचा आराखडा आपोआप बदलतो. समजा बोधनभार निवडला. मग दोन्ही गटांना तेच सिम्युलेशन, तितकीच मिनिटं आणि तोच शिक्षक द्या. फरक एवढाच की एका गटासमोर नळ्या आणि मॉनिटर पहिल्या फेरीपासून असतील, दुसऱ्यासमोर ते एकेक करून येतील. आता तुलना सिम्युलेशन आणि व्याख्यान यांच्यातली राहत नाही. ती एका कल्पनेची कसोटी होते.

प्रस्ताव लिहिण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारा : निकाल अपेक्षेच्या उलट लागला, तर तो छापण्याजोगा असेल का? उत्तर ‘नाही’ असेल, तर तुम्ही आधीच घेतलेल्या निर्णयाला पुरावा शोधत आहात.

दुसरी उणीव बहुधा ‘पोकळी’च्या, म्हणजे आजवर काय अभ्यासलं गेलं नाही ते सांगणाऱ्या, परिच्छेदात असेल. ‘फिजिओथेरपीत असा अभ्यास झालेला नाही’ या वाक्याने समीक्षक हलत नाही, कारण न झालेले अभ्यास असंख्य असतात. हाच विषय वैद्यकीय किंवा परिचर्या शिक्षणात तपासला गेला असेल, तर तो उघडपणे मांडा आणि मग पुनर्वसनात काय वेगळं आहे ते सांगा. वेगळं पुष्कळ आहे. उपचारकाचे हात आणि शरीर हेच इथे साधन असतं. रुग्ण स्वतः हालचाल करतो तेव्हाच उपचार होतो. विद्यार्थी एकाच क्लिनिकल शिक्षकाच्या हाताखाली सलग काही आठवडे काढतो. या फरकांमुळे इतर शाखांतलं उत्तर इथे का लागू पडणार नाही, किंवा ते तपासूनच का घ्यावं लागेल, हे तुमच्या युक्तिवादाचं मर्म आहे.

तिसरी उणीव मोजमापात आहे. किर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये मांडलेल्या चार पायऱ्यांत ‘आवडलं’ ही पहिली आणि ‘गुण वाढले’ ही दुसरी. तिसरी म्हणजे प्रत्यक्ष कामातलं वागणं आणि चौथी म्हणजे त्याचा परिणाम. मिलर यांच्या १९९० च्या पिरॅमिडच्या भाषेत सांगायचं तर ‘माहीत आहे’ आणि ‘कसं करायचं ते माहीत आहे’ यांच्या वर ‘करून दाखवतो’ आणि ‘प्रत्यक्ष करतो’ हे टप्पे येतात. आणखी एक पायरी वर जा : क्लिनिकल पोस्टिंगच्या दुसऱ्या आठवड्यात विद्यार्थी खऱ्या रुग्णाजवळ काय करतो ते पाहा. पण थेट ‘रुग्णाचे रुग्णालयातले दिवस कमी होतील’ असं वचन देऊ नका. वर्गातला तास आणि रुग्णाचं चालणं यांच्यामध्ये इतर इतकी कारणं असतात की समीक्षक ते वाचून तुमच्या समजेवरच शंका घेतो.

प्रश्न : आमच्या विभागात शिक्षण संशोधन करणारं कोणी नाही. क्लिनिकल संशोधनातल्या अनुभवी प्राध्यापक मार्गदर्शन करायला तयार आहेत. चालेल का? (ऑक्युपेशनल थेरपीच्या व्याख्यात्या)

चालेल, पण एकट्या त्यांच्यावर सगळा भार टाकू नका. अनुदान संस्थेची रीत, अंदाजपत्रक आणि समीक्षकाचा स्वभाव या गोष्टी त्या उत्तम शिकवतील. मात्र क्लिनिकल चाचणीची सवय असलेली नजर शिक्षणाकडेही औषधासारखी पाहते : एका गटाला मात्रा, दुसऱ्याला नाही. शिकवणं ही शिक्षक, विद्यार्थी आणि प्रसंग यांच्यात घडणारी गोष्ट आहे, तिची गोळी करून देता येत नाही. म्हणून दुसरा मार्गदर्शक शिक्षण संशोधनातला घ्या. तो दुसऱ्या शाखेतला, दुसऱ्या शहरातला असला तरी हरकत नाही, कारण हे काम दूरस्थ बैठकींत नीट होतं. तिसरी व्यक्ती संख्याशास्त्राची किंवा गुणात्मक पद्धतीची जाणकार असावी, आणि तिला आराखडा ठरण्याआधी भेटा. आराखडा ठरल्यावर तिच्या हातात फक्त दुरुस्ती उरते.

विनंती करताना ‘मला मार्गदर्शन कराल का’ असं मोघम लिहू नका. एक पान जोडा आणि नेमकं काय हवं ते सांगा : चार महिन्यांत दर पंधरवड्याला ४५ मिनिटं, प्रत्येक वेळी दोन पानांपेक्षा कमी मजकूर, आणि तो बैठकीच्या तीन दिवस आधी हातात. व्यग्र माणूस अशा विनंतीला होकार देऊ शकतो, कारण आपला किती वेळ जाणार हे त्याला दिसतं. पहिल्याच बैठकीत लेखकांचा क्रम, माहितीची मालकी आणि प्रस्तावात मार्गदर्शकाचं स्थान या तीन गोष्टी बोलून कागदावर उतरवा. नंतर बोलायला त्या फार जड जातात.

प्रश्न : अंतिम तारीख १६ आठवड्यांवर आहे. सुरुवात कुठून करू? (वाचा-श्रवणोपचार शिकवणारे वाचक)

एका पानापासून. अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थच्या अर्जात उद्दिष्टांना एकच पान देतात. तुमच्या संस्थेचा तसा नियम नसला तरी तो स्वतःला लावून घ्या. समितीतल्या ज्यांना तुमचा प्रस्ताव मुख्य समीक्षक म्हणून दिलेला नसतो, त्यांनी अनेकदा तेवढंच नीट वाचलेलं असतं.

या पानावर चार परिच्छेद पुरतात. पहिल्यात कोणाचं, काय आणि किती अडतं आहे ते येतं. इथे ‘शिक्षणाचा दर्जा सुधारायला हवा’ असलं वाक्य नको. ‘गिळण्याची तपासणी शिकलेला विद्यार्थी पहिल्या रुग्णाजवळ निर्णय घेताना अडखळतो, आणि ती अडचण ज्ञानाची की आत्मविश्वासाची हे न कळल्यामुळे आपण दोन्हींवर तास खर्च करतो’ असं वाक्य हवं. दुसऱ्यात आजवर काय कळलं आहे, काय नाही आणि ते न कळल्यामुळे कोणता निर्णय अडला आहे ते लिहा. तिसऱ्यात तुमची कल्पना, तिच्यामागचा सिद्धान्त आणि दोन किंवा फार तर तीन उद्दिष्टं. चौथ्यात निकालाने कोणाला काय करता येईल आणि हे काम तुमचाच गट का करू शकतो ते सांगा.

उद्दिष्टं एकमेकांवर टेकवू नका. पहिल्या उद्दिष्टात प्रश्नावली तयार करायची, दुसऱ्यात तीच वापरायची आणि तिसऱ्यात तिच्यावर आधारित अभ्यासक्रम करायचा, असं लिहिलं तर पहिलं फसताच बाकीची दोन्ही पडतात. समीक्षक हे पहिल्या वाचनातच पकडतो.

पहिले चार आठवडे या पानाला द्या. ते पाच-सहा वेळा बदलेल आणि बदलायलाच हवं. पान ठरेपर्यंत पद्धतीचा विभाग लिहायला घेऊ नका. आधी वीस पानं लिहून मग मार्गदर्शकाला दाखवली की ती टाकून देण्याचं धैर्य कोणाला होत नाही, आणि चुकीचा प्रश्न नीटनेटक्या भाषेत पुढे जातो. त्यानंतरचे पाच आठवडे पद्धत आणि विश्लेषण, मग दोन आठवडे अंदाजपत्रक, सहकारी संस्थांची पत्रं आणि संशोधकांची परिचयपत्रं. अकराव्या आठवड्याच्या शेवटी पूर्ण मसुदा विषयाबाहेरच्या एका वाचकाला द्या. त्याला एवढंच विचारा की प्रश्न काय आहे आणि तो का महत्त्वाचा आहे, हे कागद बाजूला ठेवून सांगता येतं का. शेवटचे तीन आठवडे संस्थेच्या सह्या आणि पोर्टल यांच्यासाठी मोकळे ठेवा. अर्ज शेवटच्या दिवशी चढवायला गेलं की फाइलचा आकार किंवा एखादी राहून गेलेली सही आडवी येते.

प्रश्न : मी मार्गदर्शकाच्या भूमिकेत आहे. तरुण सहकाऱ्याचा मसुदा हाती आला की मीच तो पुन्हा लिहून देतो. प्रस्ताव सुधारतो, पण पुढच्या वेळी तो पुन्हा तसाच येतो. (ज्येष्ठ प्राध्यापक)

तुमची तळमळ समजते, आणि अडचण तिच्यातच आहे. वाक्य सुधारणारा मार्गदर्शक भाषा दुरुस्त करतो, विचार मात्र लेखकाच्या डोक्यात जिथल्या तिथे राहतो. वाचनाच्या फेऱ्या वेगळ्या करा. पहिल्या फेरीत पेन हातात घेऊच नका. पूर्ण वाचून फक्त तीन वाक्यं लिहा : मला कळलेला प्रश्न असा आहे, माझा विश्वास या ठिकाणी डळमळला, आणि हे वाचताना मी थांबलो. ते सहकाऱ्याला द्या. तुम्हाला कळलेला प्रश्न आणि त्याच्या मनातला प्रश्न वेगळा निघाला, तर बैठक त्यावरच घ्या. दुसऱ्या फेरीत साखळी तपासा. प्रत्येक उद्दिष्टासमोर त्याचं मोजमाप, नमुना, विश्लेषण आणि निकालाचा अर्थ असा तक्ता सहकाऱ्यालाच भरायला सांगा. रिकामी चौकट त्याला स्वतःला दिसते, तुम्हाला काही म्हणावं लागत नाही. व्याकरण आणि शब्द तिसऱ्या फेरीत, आणि तेही फक्त पहिल्या पानावर. बाकीचं त्याने त्या नमुन्यावरून करावं.

आणखी एक. आपले जुने प्रस्ताव दाखवा, मंजूर झालेले आणि नामंजूर झालेलेही, समीक्षकांच्या शेऱ्यांसकट. मंजूर प्रस्तावातून साचा कळतो, निर्णय कसे घेतले गेले ते नामंजूर प्रस्तावातून कळतं. शक्य असेल तर खोटी समीक्षा-समिती भरवा : तीन वाचक, प्रत्येकाला दहा मिनिटं, आणि लेखकाने मध्ये बोलायचं नाही. आपल्या कामाबद्दल लोक आपल्यामागे काय बोलतात हे त्या अर्ध्या तासात ऐकायला मिळतं, आणि मार्गदर्शकाने महिनाभर सांगितलेलं त्याला तिथे पटतं.

प्रश्न : आमच्याकडे एका वर्षाला ४० विद्यार्थी आहेत. दोन शिकवण्याच्या पद्धतींची तुलना करायची आहे. एवढा नमुना पुरेल का?

आकडे मांडून पाहू. २०-२० चे दोन गट केले, ५ टक्के सार्थकता पातळी (नसलेला फरक दिसण्याची जोखीम) आणि ८० टक्के सांख्यिकीय शक्ती (असलेला फरक सापडण्याची शक्यता) धरली, तर सुमारे ०.९ प्रमाण विचलनाएवढा (प्रमाण विचलन म्हणजे गुण सरासरीभोवती किती पसरले आहेत त्याचं माप) फरक असेल तरच तो पकडता येतो. शिकवण्याच्या दोन बऱ्या पद्धतींमध्ये एवढा फरक क्वचितच असतो. ०.५ चा मध्यम फरक पकडायला प्रत्येक गटात ६४ जण लागतात. १५ टक्के गळती, म्हणजे मध्येच अभ्यास सोडणारे, धरली तर ७६.

इथे एक चूक जवळजवळ सगळ्यांची होते. विद्यार्थी क्लिनिकल शिक्षकांच्या हाताखाली पाच-पाचच्या तुकड्यांत शिकत असतील, तर एका तुकडीतले विद्यार्थी एकमेकांसारखे होतात. हे साम्य ०.१ धरलं तर नमुना १ + (५ − १) × ०.१, म्हणजे १.४ पट करावा लागतो. प्रत्येक गटात ६४ चे ९० होतात आणि गळतीसह १०६. ही संख्या एका महाविद्यालयात मिळणार नाही. तुमच्याएवढ्या सहा संस्था जोडाव्या लागतील, त्यामुळे समन्वयाचा वेळ आणि प्रत्येक ठिकाणची नैतिक परवानगी हिशेबात धरा.

दुसरी वाट प्रश्नच ४० जणांना साजेसा करण्याची. औषधाच्या चाचणीत तोच रुग्ण आधी एक आणि मग दुसरं औषध घेतो, मध्ये पहिल्याचा असर उतरू देतात. शिकलेलं तसं उतरत नाही, म्हणून एकाच कौशल्यावर ही अदलाबदल चालत नाही. पण सारख्या अवघडपणाची दोन वेगळी कौशल्यं घेता येतात. अर्ध्या वर्गाला पहिलं कौशल्य जुन्या पद्धतीने आणि दुसरं नव्या पद्धतीने शिकवा, उरलेल्या अर्ध्यांना उलट. प्रत्येक विद्यार्थ्याची तुलना स्वतःशीच होते. दोन गुणांमधला सहसंबंध ०.५ च्या आसपास असेल, तर मध्यम फरकासाठी ३४ विद्यार्थी पुरतात, आणि १५ टक्के गळतीसह बरोबर ४०. कौशल्यं खरोखरच सारखी अवघड आहेत हे आदल्या वर्गाच्या गुणांवरून दाखवा, नाहीतर सगळा डोलारा तिथेच कोसळेल.

एकाच वर्गाचे दोन गट केले की वसतिगृहात टिपणं आणि व्हिडिओ इकडून तिकडे जाणारच. हे होणार नाही असं लिहू नका. शेवटी विद्यार्थ्यांना विचारून ते किती झालं हे मोजण्याची सोय प्रस्तावात ठेवा.

प्रश्न : स्वतःच्याच विद्यार्थ्यांवर अभ्यास करायला नैतिकता समिती परवानगी देईल का?

देते, पण तुम्ही त्यांना गुण देणारे आहात हे आधी मान्य करावं लागतं. गुणांकनाशी संबंध नसलेल्या व्यक्तीने संमती घ्यावी. कोण सहभागी झालं हे वर्षाचे गुण जाहीर होईपर्यंत तुम्हाला कळू नये. नकार देणाऱ्यालाही तेच शिक्षण मिळावं, फक्त त्याची माहिती अभ्यासात घेऊ नये. तुलना गटालाही नवी पद्धत नंतर मिळेल, हे तारखेसकट लिहा. चित्रणात रुग्ण येणार असतील तर त्यांची संमती वेगळी.

प्रश्न : अंदाजपत्रकात काय धरावं? शिक्षण संशोधनाला यंत्रं लागत नाहीत, तर पैसे कशाला मागायचे असं वाटतं.

वेळासाठी मागायचे, आणि तो वेळ मोजून दाखवायचा. ४५ मिनिटांच्या २० मुलाखती म्हणजे १५ तासांचं ध्वनिमुद्रण. एका तासाचं ध्वनिमुद्रण शब्दशः लिहून काढायला चार ते सहा तास लागतात, म्हणजे ६० ते ९० तासांचं काम. दोघांनी स्वतंत्र कोडिंग (मजकुरातल्या मुद्द्यांना नावं देऊन वर्गवारी) करायचं असेल तर त्याचा वेळ दोनदा धरा. ४० विद्यार्थ्यांचे प्रत्येकी दोन दहा मिनिटांचे व्हिडिओ दोन परीक्षकांनी पाहायचे तर निव्वळ पाहण्याचेच जवळपास २७ तास होतात. परीक्षकांच्या प्रशिक्षणाचा आणि त्यांची मतं किती जुळतात ते तपासण्याचा वेळ याहून वेगळा. संख्याशास्त्रज्ञाचा वेळ आणि तुमच्या शिकवण्याच्या भारातली सूट हेही मागा, नियमात बसत असेल तर. महाग सिम्युलेटर मात्र टाळा. तो अध्यापनाचा खर्च आहे असं म्हणून समीक्षक त्यावर काट मारतो, आणि कधी कधी त्याच्या सावलीत बाकीच्या मागण्याही जातात.

प्रश्न : प्रस्ताव दोनदा नामंजूर झाला. दोन समीक्षकांचे शेरे एकमेकांच्या विरुद्ध आहेत. एक म्हणतो सिद्धान्त कमी आहे, दुसरा म्हणतो सिद्धान्तच फार आहे.

हे शेरे विरुद्ध दिसतात, पण बहुधा एकाच दुखऱ्या जागेवर बोट ठेवतात. सिद्धान्त प्रस्तावनेत दोन पानं भरून येतो आणि पद्धतीत गायब होतो, तेव्हा नेमके असे दोन शेरे मिळतात. तो तुमच्या मोजमापात आणि विश्लेषणात दिसतो का ते पाहा. दिसत नसेल तर प्रस्तावनेतला अर्धा कापा आणि उरलेला तिकडे न्या.

आठवडाभर शेरे बाजूला ठेवा, मग मार्गदर्शकासोबत तीन रकान्यांचा तक्ता करा : समीक्षक काय म्हणाला, कोणत्या ओळीमुळे त्याला तसं वाटलं, आता काय बदलेल. मधला रकाना भरताना सर्वांत जास्त वेळ लागेल आणि सर्वांत जास्त हाती येईल. ‘नमुना लहान आहे’ असं लिहिणाऱ्याला अनेकदा संख्येपेक्षा विश्लेषणाचा खुलासा पटलेला नसतो. ‘गट अननुभवी आहे’ याचा अर्थ बऱ्याचदा मार्गदर्शकांचं पत्र मोघम आहे असा निघतो. ‘मी पूर्ण सहकार्य करीन’ असं एकच वाक्य असलेलं ते पत्र बदलून घ्या. नव्या पत्रात दर महिन्याचे तास, कोणता भाग कोण पाहणार आणि पूर्वी एकत्र केलेलं काम यांचा उल्लेख हवा. अनुदान संस्थेच्या कार्यक्रम अधिकाऱ्याला फोन करून हा विषय त्यांच्या सध्याच्या प्राधान्यात बसतो का ते विचारा. ते त्यांचं कामच आहे, संकोच नको. विषय बसत नसेल तर तिसऱ्यांदा तिथेच पाठवू नका. तुमच्या व्यावसायिक संघटनेचं किंवा महाविद्यालयाचं छोटं अनुदान घेऊन पहिलं उद्दिष्ट तेवढं पूर्ण करा. ती प्राथमिक माहिती हातात आली की मोठ्या प्रस्तावात उद्दिष्टांच्या पानावरचा दुसरा परिच्छेद नव्याने लिहिता येतो.